जनरेटरवर चढलेला सूर

ज्याची रेकॉर्ड, सुई त्यानंच टेकवायची. त्या घरातला हा पहिला नियम. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे आणि बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. माझ्याकडे तेव्हा एकच रेकॉर्ड होती आणि ती तिथे चालण्यासारखी नव्हती. त्यामुळे वर्षभर जाऊनही मी सुईला कधी हात लावला नव्हता.

घर होतं गुडगावात, चौदाव्या मजल्यावर. गुडगावचं गुरुग्राम होऊन फार दिवस झाले नव्हते आणि घरातले काका अजून गुडगावच म्हणायचे. काका मूळचे पुण्याचे, इंजिनियर. नव्वदनंतर परदेशी कंपन्या इकडे यायला लागल्या, तेव्हा त्यातल्या एकीत ते लागले. आधी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात नातेवाइकांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले, मग सोसायटी उभी राहिल्यावर इकडे आले. आता निवृत्त होते. त्यांच्याकडे शनिवारी दुपारी जुन्या रेकॉर्डी ऐकायला लोक जमायचे. नेमानं येणारे म्हणजे एक सर. ते केंद्र सरकारातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि दिल्लीत इतकी वर्षं काढलेले की रागावले की हिंदीत जायचे. आणि आम्ही दोघी मुली, मी आणि माझी रूममेट. आम्हाला तिथे सगळे 'नवीन पिढी' म्हणायचे. ते कौतुक नव्हतं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इतिहास. उत्तर दिल्लीत हिंदूरावच्या चढाजवळ एका पीजीत राहायचे. माझ्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. माझे बाबा परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवतात. आमच्या घरी गाणी यायची ती बाबांच्या क्लॅरिनेटमधून, म्हणजे शब्दांशिवाय. कितीतरी गाण्यांची चाल मला पाठ आहे आणि त्यांत काय म्हटलंय ते मला कॉलेजात आल्यावर कळलं.

जामा मशिदीच्या मागच्या गल्लीत एका दुकानात रेकॉर्डींचे ढीग असतात. तिथे मला एका जुन्या सिनेमाची रेकॉर्ड दिसली. त्यातलं एक गाणं बाबा प्रत्येक वरातीत वाजवतात. मी ती घेतली. माझ्याकडे प्लेयर नव्हता.

रूममेट अमरावतीची, यूपीएससीची तयारी करणारी. ती म्हणाली, "प्लेयर नाही आणि रेकॉर्ड घेतलीस? यार, काय करणार हिचं, पोळ्या लाटणार का हिच्यावर?"

मग मराठी मंडळाच्या गणपतीत काकांची ओळख झाली आणि आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो. तिथे फक्त शास्त्रीय आणि नाट्यसंगीत चालायचं, त्यामुळे माझी रेकॉर्ड पिशवीतच राहिली. पण ऐकायला मला आवडायचं. का, ते नीट सांगता येईल असं नाही. सर म्हणायचे की रेकॉर्डचा आवाज उबदार असतो. मला तो उबदारपणा कधी समजला नाही. मला एवढंच वाटतं की फोनवर गाणं ऐकताना मी नेहमी कुठेतरी जात असते, मेट्रोत नाहीतर जिन्यात. रेकॉर्ड जिथे असेल तिथे आपल्याला जाऊन बसावं लागतं.

आमच्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. गुडगावात तेव्हा असे कॅफे निघाले होते की जिथे भिंतीवर रेकॉर्डी ठोकलेल्या असायच्या, काही ठिकाणी त्यांत घड्याळाचे काटे बसवलेले. त्यावरून आम्हाला टोमणे बसायचे.

"बेटा, तुमच्या पिढीला रेकॉर्ड फोटो काढायला हवी असते," सर म्हणायचे. "ऐकायला फोन आहेच की."

"दोन वर्षांची हौस आहे," काका म्हणायचे. "मग हेच लोक दुसरं काहीतरी धरतील."

मी तेव्हा ऐकून घ्यायचे. मला त्या घरात येऊ देतात हेच खूप वाटायचं. पण एक दिवस काकूच म्हणाल्या, "अहो, इकडे राहायला आलो तेव्हा दोन ट्रंका भरून रेकॉर्डी कोणी दिल्या भंगारवाल्याला? सीडी आल्या, आता ह्या कशाला, असं कोण म्हणालं होतं?"

काका रेकॉर्ड पुसायला लागले. मी मात्र तेव्हापासून तो ढीग वेगळ्या नजरेनं बघायला लागले. जामा मशिदीमागच्या त्या दुकानात ज्या रेकॉर्डी येऊन पडल्यात, त्या आम्ही टाकलेल्या नाहीत. आमचा जन्मही झाला नव्हता. यांनी टाकल्या, आम्ही उचलल्या, आणि कदर नाही ती आम्हाला.

त्या मार्चमध्ये काकांकडे एक खोकं आलं. त्यांचा एक मित्र वारला होता. त्याच्या पत्नीनं त्याच्याकडच्या जुन्या, लाखेच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगानं फिरणाऱ्या रेकॉर्डी पाठवल्या होत्या. काकांनी त्यांचा आवाज कंप्युटरवर उतरवायचा, मग रेकॉर्डी पुण्याच्या एका संग्राहकाकडे कायमच्या जायच्या आणि उतरवलेला आवाज मंडळाच्या वाचनालयात ठेवायचा, असं ठरलं होतं. म्हणजे यापुढे आमच्यासारखे लोक जे ऐकणार ते काकांनी उतरवलेलंच. काकांनी इथेही नियम केला. ह्या रेकॉर्डी झिजलेल्या आहेत, तेव्हा प्रत्येक बाजू एकदाच वाजवायची. एकदा म्हणजे एकदा.

मला काम मिळालं यादी लिहायचं. गाणाऱ्याचं नाव, राग, बाजू आणि पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला सा धरून गायलंय ते. पट्टीचं काम मला दिलं, कारण मला ती कानानं कळते. बाबांनी लहानपणी एवढं एकच शिकवलं. बाजू संपली की मी काकूंच्या पेटीवर ताडून बघायचे आणि लिहायचे. त्या घरात पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं जात होतं.

दुसऱ्या शनिवारी एका जुन्या गायिकेची रेकॉर्ड होती. पहिली बाजू झाली. मी पेटीवर सूर धरला, काळी चार, अगदी नेमकी. लिहिलं. काका रेकॉर्ड उलटवत होते तेवढ्यात लाइट गेली. खालचा रस्ता तेव्हा मेट्रोच्या नव्या खांबांसाठी खणत होते, त्यामुळे ती रोज जायची. थोड्या वेळानं सोसायटीचा जनरेटर घरघरला आणि ट्यूब लागली.

काकांचा प्लेयर जुना होता, त्याची मोटर थेट विजेवर चालायची. वेग बरोबर आहे का ते बघायला त्यांच्याकडे पुठ्ठ्याची एक चकती होती. तिच्या कडेला काळ्या रेघा असतात. ती फिरवायची आणि ट्यूबच्या उजेडात बघायची. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, चुकला असेल तर सरकताना दिसतात. काकांनी चकती फिरवली. रेघा उभ्या होत्या. त्यांनी दुसरी बाजू लावली.

बाजू संपली. मी पेटीवर बोट ठेवलं आणि सूर सापडेना.

"काका, ही बाजू चढी वाटतेय."

"चढी म्हणजे?"

"काळी चारच्या वर आहे. पण शेजारच्या पांढरी सहाला पोचत नाही. मध्येच आहे."

"राग वेगळा आहे. बाईंनी पट्टी बदलली असेल."

"पण मध्येच कशी गातील? मागे पेटी आहे ना साथीला."

"जुन्या पेट्या आजच्या पट्टीत नसायच्या. हे माहीत नसतं तुम्हा मुलांना."

"मग पहिल्या बाजूला ती बरोबर कशी बसली?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सर सोफ्यावरून म्हणाले, "बेटा, हा माणूस चाळीस वर्षं रेकॉर्डी ऐकतोय."

"रेघा उभ्या होत्या का नव्हत्या?" काकांनी विचारलं.

"होत्या."

"मग लिही काळी चार. पुढची घ्या."

मी लिहिलं नाही. तो रकाना मोकळा सोडला. लाइट संध्याकाळपर्यंत आली नाही आणि त्या वेळात आणखी पाच रेकॉर्डी झाल्या. एकूण अकरा बाजू, आणि प्रत्येक मला चढी लागली, कुठली थोडी, कुठली जास्त. अकरा रकाने मोकळे राहिले. काकांनी यादी बघितली आणि म्हणाले, "येत नसेल तर सांगायचं तसं. त्यात लाज नाही."

मेट्रोत मला रडू आलं. रूममेट म्हणाली, "छोड ना यार, त्यांचंच खरं असेल." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. खाली उतरल्यावर स्टेशनबाहेरूनच बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

बाबांनी विचारलं, "लाइट कशावर होती?"

"जनरेटरवर."

"तिकडं गरमी सुरू झाली का?"

"नाही अजून. पंखेसुद्धा बंद होते."

"मग लोडच नाही त्याच्यावर. पळणारच की इंजिन. वरातीत बत्त्या कमी केल्या की आपला जनरेटरवाला कसा ओरडतो? मांडवातला पंखा कसा गरगर फिरतो? तू पाहिलंय की."

पाहिलं होतं. लहानपणी बाबांची पाण्याची बाटली घेऊन मी वरातीच्या कडेनं चालायचे. जनरेटरची गाडी अगदी मागे असायची आणि बत्त्यांच्या दोन माळा काढल्या की तिचा आवाज वर चढायचा.

"पण बाबा, चकतीवरच्या रेघा उभ्या होत्या. वेग बरोबर असल्याशिवाय त्या उभ्या राहत नाहीत."

"कशाच्या उजेडात पाहिलं?"

"ट्यूबच्या."

"आन् ट्यूब कशावर होती?"

"जनरेटरवरच."

"झालं तर मग," बाबा म्हणाले. "जेवलीस का?"

ट्यूब आपल्याला स्थिर दिसते, पण ती विजेच्या गतीनं लुकलुकत असते. जनरेटर पळाला की मोटर पळते आणि ट्यूबचं लुकलुकणंही तेवढंच पळतं. दोघं सारखीच चुकतात म्हणून रेघा उभ्या दिसतात. काका इंजिनियर होते. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळलं असतं. त्यांनी फक्त मनात आणलं नव्हतं, कारण सांगणारी मी होते.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा खोकं दोरीनं बांधून तयार होतं. दुसऱ्या दिवशी ते पुण्याला जाणार होतं. मी जेवढं जमेल तेवढं नीट सांगितलं. चूक किती आहे ते कळलं की कंप्युटरवर आवाज तेवढाच खाली आणता येतो, हे काकांनीच एकदा मला दाखवलं होतं. त्यासाठी प्रत्येक बाजू खऱ्या विजेवर दहा सेकंद वाजवली तरी पुरे.

"एकदा म्हणजे एकदा," काका म्हणाले. "आणि हे कोणी शोधून काढलं?"

"माझ्या बाबांनी."

"काय करतात ते?"

"बँडमध्ये वाजवतात."

सर हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. मी पिशवीतून माझी रेकॉर्ड काढली.

"ही वाजवून दाखवते."

"सिनेमाची? ही इथे चालत नाही."

"ज्याची रेकॉर्ड, सुई त्यानं टेकवायची. ही माझी आहे."

मी प्लेयरपाशी जाऊन उभी राहिले. काकू दारात होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, नियम तुमचाच आहे. लावू द्या तिला."

काका बाजूला झाले. मी सुई टेकवली. पहिल्यांदाच टेकवत होते, सुरुवातीला करकर झाली आणि काकांनी डोळे मिटून घेतले. मग बाबांचं गाणं लागलं. मी पेटीवर सूर धरला, तो बरोबर बसला. आता फक्त लाइट जायला हवी होती.

आणि त्या दिवशी ती जाईना. गाणं संपलं, मी परत लावलं. पुन्हा संपलं, पुन्हा लावलं. काकू चहा करून आल्या. "रोज जाते मेली. आज काय झालंय?" रूममेट खिडकीतून खाली रस्ता खणणाऱ्या माणसांकडे बघत होती. "भैया, करो ना कुछ," ती पुटपुटली आणि काकू खो खो हसल्या. चौथ्या वेळी सर म्हणाले, "चांगलं गाणं आहे हे. बऱ्याच वर्षांनी ऐकलं." काकांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

पाचव्या वेळी अंतऱ्याच्या मध्यावर लाइट गेली. आवाज खाली खाली घसरत बंद पडला. मी पेटीवरचं बोट काढलं नाही. खाली जनरेटर सुरू झाला, तबकडी हळूहळू फिरायला लागली, गाणं वर चढत आलं, माझ्या बोटाखालच्या सुराला भेटलं आणि थांबलं नाही. तसंच वर गेलं. पेटी आणि गाणं एकमेकांना बोचायला लागलं.

"अरे, ये तो ऊपर चला गया," सर म्हणाले.

काकांनी रेकॉर्ड थांबवली. चकती ठेवली, फिरवली. रेघा उभ्या होत्या. ते वाकून त्या रेघांकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "हे सिनेमाच्या रेकॉर्डचं झालं. जुन्या अठ्ठ्याहत्तरची गोष्ट वेगळी."

"मोटर तीच आहे, काका."

"दहा सेकंदांतही झिजतेच रेकॉर्ड."

"झिजेल. पण आता जे उतरवलंय ते कोणाचा आवाज आहे? त्या बाईंचा नाही. माझ्या वयाच्या मुली वाचनालयात जाऊन तोच ऐकणार आणि त्यावरून शिकणार. आम्हाला कदर नाही म्हणता ना? मग आम्हाला खरा आवाज तरी द्या."

एवढं बोलल्यावर मलाच भीती वाटली. लाइट यायला अर्धा तास लागला. ती आली तेव्हा काका उठले आणि त्यांनी खोक्याची दोरी सोडली.

एकेक बाजू त्यांनी स्वतः लावली. सुई टेकवायची, दहा सेकंद, उचलायची. मी पेटीवर ताडून लिहायचे. प्रत्येक बाजूचा फरक वेगळा निघाला. जनरेटरवर कधी कोणाचं वॉशिंग मशीन चालू असेल, कधी नसेल. नऊ बाजू झाल्या. शेवटची रेकॉर्ड काकांनी बाहेर काढली, उजेडात धरली आणि परत पाकिटात घातली. तिला केसाएवढी चीर होती.

"ही नाही."

"काका, दोन बाजू राहतील."

"राहू देत. फुटली तर तुझे वडील जोडून देणार आहेत का?"

"नाही देणार. पण चूक त्यांनीच ओळखली."

काका म्हणाले, "ही नाही," आणि मला कळलं की या रेकॉर्डच्या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे. मी पुन्हा मागितलं नाही. यादी पुढे ओढली आणि त्या दोन बाजूंसमोर शेऱ्यात लिहिलं: 'जनरेटरच्या विजेवर उतरवलेली. वेग जास्त आहे. किती जास्त, ते तपासलेलं नाही.'

काकांनी वाचलं. "हे काढून टाक."

"का?"

"पुण्याचे लोक हसतील. इतकी वर्षं मी त्यांना मशीनची अक्कल शिकवतोय. पट्टीचा रकाना मोकळा सोड, बस."

"मोकळ्या रकान्याचा अर्थ काय ते तुम्हीच सांगितलंत. येत नाही, असा."

"अगं, कोण वाचणार आहे तो शेरा?"

"मी वाचला असता," मी म्हणाले. "यादी तुमच्या अक्षरात लिहिणार असाल तर तुम्हाला हवी तशी लिहा. माझ्या अक्षरात जाणार असेल तर हे वाक्य जाईल."

यादी दहा पानांची होती. त्यांना ती पुन्हा लिहिता आली असती, ते पान फाडताही आलं असतं. त्यांनी ती घडी करून खोक्यात वर ठेवली आणि दोरी बांधायला घेतली. गाठ बसेना म्हणून मी बोट धरलं.

रविवारी खोकं गेलं. काकांनी त्या नऊ बाजूंचा आवाज कंप्युटरवर खाली आणला. सरांनी आवाजाची प्रत वाचनालयात नेऊन दिली आणि शेऱ्यासकट यादीची झेरॉक्सही.

बैठकीचा मेसेज काका दर वेळी गुरुवारी पाठवायचे. त्या गुरुवारी मला आला नाही. रूममेटलाही नाही. ती म्हणाली, "समजून घे ना यार. नको आहोत आपण." मी शुक्रवारभर विचार केला. मी चुकले असेन तर सांगा, असं म्हणायला जायचं का? पण मी चुकले नव्हते. आणि त्या घरातलं ऐकणं कोणाच्या मेसेजवर मिळालेलं नव्हतं, मी त्यासाठी दर वेळी शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात होते.

शनिवारी मी गेले. रूममेट आली, आणि पीजीतली आणखी एक मुलगी, जिच्याकडे एकही रेकॉर्ड नव्हती आणि जिनं कधी एकही ऐकली नव्हती.

दार काकांनी उघडलं. तिघींकडे पाहिलं.

"तुला मेसेज नव्हता."

"माहीत आहे," मी म्हणाले.

ते दारातून हलले नाहीत. तेवढ्यात आत कुठल्याशा रेकॉर्डची बाजू सुरू झाली. बाजू चालू असताना बोलायचं नसतं, म्हणून आम्ही चौघंही उंबऱ्यावर उभे राहून ती संपेपर्यंत गप्प राहिलो. मग आम्ही तिघींनी चपला काढल्या.